समास कुठल्या बाजूला

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिले दोन दिवस मी फारसं काही शिकवत नाही. मुलांकडून वह्या आखून घेते. आमची शाळा उर्दू माध्यमाची. माझ्या वर्गाला उर्दूही मीच शिकवते आणि मराठीही, त्यामुळे प्रत्येकाच्या दप्तरात माझ्या दोन वह्या असतात. मराठीच्या वहीत समास डावीकडे, उर्दूच्या वहीत हाशिया उजवीकडे. दुकानातून आणलेल्या वहीवर मात्र लाल रेघ डावीकडेच छापलेली असते. मग उर्दूच्या वहीत सगळा वर्ग पट्टी घेऊन उजवीकडे दुसरी रेघ मारत बसतो आणि छापलेली रेघ शेजारी तशीच राहते. एखादं मूल दरवर्षी विचारतंच, "आपा, इस तरफ वाली लकीर का क्या करना?" मी सांगते, काही करू नकोस, राहू दे.

त्या रेघेचा मी कधी विचार केला नव्हता. तो करायला लावला संगणकाने. पुढे थोडं संगणकाचं बोलणार आहे, पण घाबरू नका. मी उर्दू-मराठीची शिक्षिका आहे, मला जेवढं समजलं तेवढंच सांगणार.

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी का जड जातं, हे या विषयावर भाषणं करणाऱ्यांपेक्षा वर्गात उभं राहणाऱ्याला जास्त ठाऊक असतं. मुलं हुशार असतात. घरात दखनी, मोहल्ल्यात दखनी, शाळेत उर्दू आणि मराठी फक्त पस्तीस मिनिटांच्या तासाला. 'च' चमच्यातला की चंद्रातला, 'ळ' कुठून आला, जोडाक्षरात 'र' कधी डोक्यावर बसतो आणि कधी पायाखाली जातो, यातच वर्ष सरतं. मला एक साधी गोष्ट हवी होती. पडद्यावर एका बाजूला उर्दू शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी, मुलाने जोडी लावायची, रिकामी जागा भरायची, आणि कोण कुठे अडखळलं याची नोंद माझ्याकडे राहायची. शाळेच्या संगणकावरच चालावं, नेट असो वा नसो.

२०२२ च्या दिवाळीच्या सुटीत माझा भाचा घरी आला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याला म्हटलं, हे करून दे. तो म्हणाला, "खाला, करून देत नाही, शिकवतो. नाहीतर दर आठवड्याला मला फोन कराल." तेव्हा राग आला होता. आता वाटतं, पोरगा बरोबर होता.

त्याने लॅपटॉपवर जँगो नावाची चौकट टाकली आणि मला एक आज्ञा टाइप करायला लावली. स्टार्टप्रोजेक्ट आणि पुढे आपल्या कामाचं नाव. एंटर दाबलं आणि क्षणात एक फोल्डर तयार. आत चार-पाच फायली आपोआप लिहून आलेल्या. सेटिंगची एक, कोणता पत्ता टाकला की कोणतं पान उघडायचं याची एक, सर्व्हरशी बोलायच्या दोन. एक लांबलचक गुप्त किल्लीसुद्धा तिथल्या तिथे बनवून दिलेली, प्रत्येक वेळी नवी. मी म्हटलं, "माशाअल्लाह, हे तर पाठ टाचणाची छापील वही मिळाल्यासारखं झालं!"

बी.एड.ला होतो तेव्हा आम्हाला तशा वह्या मिळायच्या. विषय, इयत्ता, तासिका, दिनांक, उद्दिष्टे, पूर्वज्ञान, शैक्षणिक साधने ही शीर्षकं छापलेली, आपण फक्त मजकूर भरायचा. ही वही नसती तर निम्मी रात्र रेघा मारण्यातच गेली असती. वेब ॲप्लिकेशनचंही तसंच असतं असं भाच्याने सांगितलं. प्रत्येक नव्या कामाच्या सुरुवातीला तीच दहा-वीस कामं करावी लागतात आणि त्यात कल्पकता काडीची नसते. फोल्डर करा, सेटिंग लिहा, माहिती कुठे साठवायची ते सांगा, चाचण्यांची जागा ठेवा. ती यंत्राकडून करून घ्यायची ही कल्पना रूबी ऑन रेल्स या चौकटीने गाजवली. २००४ साली ती आली, आणि पंधरा मिनिटांत ब्लॉग उभा करून दाखवणारा तिचा २००५ मधला व्हिडिओ पाहून जगभरचे प्रोग्रामर थक्क झाले होते म्हणे. जँगोही २००५ चीच. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे, तिथल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत ती जन्मली. बातमीदारांना आज सांगितलेलं पान उद्या हवं असायचं, त्या घाईतून.

गाव का सांगितलं, ते पुढे येईल.

तर छापील वही मिळाली. आम्ही शब्द भरले, पानं केली. आणि पहिल्याच दिवशी उर्दूच्या रिकाम्या जागा उलट्या झाल्या. मी प्रश्न असा लिहिला होता की वाक्याच्या शेवटी रिकामी जागा यावी. उर्दू वाक्याचा शेवट डावीकडे असतो. पडद्यावर मात्र ती रेघ उजवीकडे, म्हणजे वाक्याच्या सुरुवातीला जाऊन बसली. जिथे उर्दू वाक्यात मध्येच एखादा मराठी शब्द होता, तिथे तर वाक्याचा उत्तरार्ध आधी आणि पूर्वार्ध नंतर. अक्षरं बरोबर, शब्द बरोबर, आणि वाक्य वाचलं तर अर्थाचा पत्ता नाही. मला वाटलं, माझंच टायपिंग चुकलं. दोन तास तीच वाक्यं पुन्हा पुन्हा लिहीत बसले.

भाचा जेवून आला आणि त्याने पानाची पहिली ओळ दाखवली. वेबपानाच्या पहिल्या ओळीत त्या पानाची भाषा लिहिलेली असते. आमच्या पानाचा सांगाडा त्याने कुठूनतरी तयार आणला होता, त्यात भाषा होती 'एन', म्हणजे इंग्रजी. दिशा लिहिलेलीच नव्हती, आणि दिशा लिहिली नाही की ब्राउझर डावीकडून उजवीकडे असंच धरतो. सेटिंगच्या फायलीत पाहिलं, तिथेही भाषा 'एन-यूएस'. नुसती इंग्रजी नव्हे, अमेरिकेची इंग्रजी.

आता यातली गंमत ऐका. जँगोला उर्दू माहीत आहे. तिच्या आत भाषांची मोठी यादी आहे, तीत मराठी आहे, उर्दू आहे. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांची यादी वेगळी आहे, त्यातही अरबी, फारसी, हिब्रूच्या जोडीला उर्दू आहे. कुणीतरी, कधीतरी, मनापासून ते काम करून ठेवलंय. फक्त पहिली फाईल लिहिताना यंत्र विचारत नाही की बाई, तुमची भाषा कुठली. ते धरून चालतं. बी.एड.च्या भाषेत सांगायचं तर त्याने पूर्वज्ञानाचा रकाना आपणच भरून टाकलेला असतो.

मला एकदम आमच्या टाचणवह्या आठवल्या. उर्दू अध्यापनपद्धती घेतलेल्या आम्हा मुलींना त्याच छापील वह्या मिळायच्या. डावा रकाना अध्यापक कृती, मधला विद्यार्थी कृती, उजवा फलकलेखन. आम्ही उर्दू लिहायचो उजवीकडून, त्यामुळे वाचणाऱ्याच्या नजरेला आधी फलकलेखन दिसायचं, मग मुलाचं उत्तर, आणि शेवटी शिक्षकाचा प्रश्न. आम्ही छापील शीर्षकं खोडून वर हाताने उलटी लिहायचो. वहीत खाडाखोड दिसली म्हणून माझा एक गुण कापलाही गेला होता. वीस वर्षांनी लॅपटॉपवर तीच खाडाखोड करत होते.

दिशा लिहिली, भाषा लिहिली, वाक्यं सरळ झाली. मग लिपी. ब्राउझरने उर्दू दाखवली ती नस्ख वळणात, अरबीसारखी सपाट. आमची मुलं वाचतात नस्तालीक, ज्यात शब्द वरून खाली तिरपा उतरतो. मोठ्या माणसाला दोन्ही चालतं, पण पाचवीतलं मूल नस्खमधला शब्द पाहून क्षणभर थांबतं, आणि मराठीशी जोडी लावण्याच्या खेळात तो क्षण महाग पडतो. नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट फुकट मिळतो, तो घातला. तर ओळींची डोकी कापली गेली, कारण नस्तालीकला उंची लागते आणि ओळीतलं अंतर रोमन अक्षरांच्या मापाचं होतं. तेही वाढवलं.

मग रमजान आला. शाळेचे पेपर, घरचा स्वयंपाक, सगळं एकत्र. सहरी झाली की फजरच्या अजानपर्यंत थोडा वेळ हाताशी असतो, त्यात मी मुलांच्या नोंदी टाकायचे. आठवड्याने पाहिलं तर सगळ्या नोंदी आदल्या दिवसाच्या तारखेच्या. मंगळवारी पहाटे टाकलेली नोंद सोमवारची. मला वाटलं, उपवासाने डोकं काम करेनासं झालंय. फोनवर भाच्याने विचारलं, "किती वाजता टाकता?" म्हटलं, साडेचार-पावणेपाच. तो हसायला लागला. पहिल्या फाईलमध्ये वेळ यूटीसीची लिहिलेली असते, ती आपल्या साडेपाच तास मागे. म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत त्या यंत्रात कालचाच दिवस चालू असतो. दिवसा काम करणाऱ्याला तारखेतली ही चूक दिसणारच नाही. ती सहरीला उठणाऱ्यालाच दिसते. आणि यूटीसी तरी बरं. सेटिंगमध्ये काहीच लिहिलं नाही तर जँगो जी वेळ धरते ती आजही शिकागोची आहे. कॅन्ससमधलं ते गाव आठवा, तिथल्या घड्याळात आणि शिकागोच्या घड्याळात फरक नाही. ज्या कचेरीत पहिलं पान लिहिलं गेलं, तिथल्या भिंतीवरचं घड्याळ अजून आत टिकटिकतंय.

हे सगळं मी उर्दूच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. भाषा, दिशा, फॉन्ट, ओळीतलं अंतर, वेळ. नऊ गोष्टी झाल्या होत्या.

गावातल्या दुसऱ्या एका उर्दू शाळेतल्या शिक्षिकेने हे पाहिलं आणि आपल्यालाही हवं म्हणाली. ती मला बहिणीसारखी. आता पुन्हा नऊ दुरुस्त्या कोण करणार? मी तेच केलं जे आपण शिक्षक गेल्या वर्षीच्या टाचणाचं करतो. सगळा फोल्डर उचलला, पेनड्राइव्हवर घातला, शाळेचं नाव बदललं, दिला.

तीन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज वेगळाच. "आपा, तुमच्या वर्गातली मुलं माझ्या यादीत दिसताहेत." पोटात गोळा आला. जँगोत सुरुवातीला सगळी माहिती त्याच फोल्डरमधल्या एका फाईलमध्ये साठते. फोल्डर गेला, त्याच्याबरोबर माझी अडतीस मुलं गेली. नावं, गुण, आणि प्रत्येकापुढे मी स्वतःसाठी लिहिलेला शेरा. ती पुढे म्हणाली, "एका मुलापुढे तुम्ही लिहिलंय, जोडाक्षरं वाचता येत नाहीत, घरी कुणी बघत नाही. तो माझ्या नणंदेचा मुलगा आहे."

मी माफी मागितली. तिने ती फाईल माझ्यासमोर पुसली. पण ईदच्या दिवशी ती शीरखुर्मा घ्यायला आली नाही, मुलाच्या हाती डबा पाठवला. शेरा खोटा नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला असणार.

त्यानंतर मी भाच्याला म्हटलं, आता मला हे नीट शिकव. तो तेव्हा पुण्यात नोकरीला लागला होता, रविवारी व्हिडिओ कॉलवर बसायचा. त्याने सांगितलं की चालू कामाची नक्कल करायची नसते, कोरा साचा करायचा असतो. स्टार्टप्रोजेक्टला आपला साचा दाखवता येतो, मग ती आपल्या साच्यावरून फोल्डर काढते. कुकीकटर नावाचं याहून सोयीचं साधन आहे, २०१३ पासूनचं. नाव बिस्किटं कापायच्या साच्यावरून. आपल्याकडे करंजीचा साचा असतो तसाच, पण हा भरण्याआधी प्रश्न विचारतो. शाळेचं नाव काय, इयत्ता कुठली, भाषा कोणकोणत्या, आधी कोणती दाखवायची. उत्तरं दिली की फायलींमध्ये योग्य जागी ती बसतात, किल्ली नवी बनते, माहितीची फाईल रिकामी असते.

साचा करायला मला पाच रविवार लागले. एका शाळेला लागणारा वेळ हातानेच काम केलं असतं तर एक रविवार होता. भाचा म्हणाला, पाचच शाळा झाल्या तर बरोबरीत सुटाल, खाला. मी म्हटलं, बरोबरी वेळेची नाही रे. मला परत कुणाच्या नणंदेच्या मुलाचा शेरा कुणाला द्यायचा नाही.

साचा सुरेख चालला. आज्ञा द्यायची, चार उत्तरं लिहायची, आणि मिनिटाभरात उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून, घड्याळ भारताचं. पहिल्यांदा चालवला तेव्हा मी शेजारच्या खोलीतून अम्मीला बोलावून दाखवलं. अम्मीने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "हां, लेकिन इसमें है क्या?" काहीच नव्हतं. रिकामं होतं. पण बरोबर रिकामं होतं, हे तिला कसं सांगणार!

पाच शाळांना दिला. भाच्याचा हिशेब तिथे बरोबरीत सुटला.

चूक मग माझ्या बाजूने निघाली. साच्यात मुलाच्या नोंदीचा तक्ता मी हजेरीपटावरून घेतला होता. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. वर्षानुवर्षं असंच लिहीत आले, हाताला वळण तेच. मूल खेळायला बसलं की पडद्यावर पूर्ण नावानिशी स्वागत होईल असंही ठेवलं होतं, खुशामदीद आणि पुढे नाव. मुलांना ते आवडायचं.

तालुक्याच्या एका शाळेत एक मुलगी आहे. आई आणि नानीजवळ राहते. तिथल्या सरांनी वडिलांचं नाव विचारलं, मुलगी गप्प राहिली. भल्या माणसाने पुन्हा विचारलं नाही, रकाना मोकळा सोडला. यंत्र पुढे जाईना. ते लाल अक्षरांत सांगत राहिलं की हा रकाना भरा. वर्ग खोळंबला होता, म्हणून सरांनी तिथे एक आडवी रेघ टाकली. आणि मग मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर, खुशामदीद, मुलीचं नाव, आडवी रेघ, आडनाव. मुलं हसली. हसणारच, मुलं आहेत. ती त्या दिवसानंतर संगणकाच्या तासाला पोट दुखतं म्हणून बाहेर बसू लागली.

हे मला सरांकडून महिन्याने कळलं, तेही बोलता बोलता. मी साचा उघडून पाहिला. 'बंधनकारक' असा शब्द मी कुठेही लिहिला नव्हता. जँगोत रकाना नुसता लिहिला की तो बंधनकारकच धरतात. मोकळा सोडायची सवलत द्यायची असेल तर ती वेगळी लिहावी लागते. मी एन-यूएसवर इतकी चिडले होते, कॅन्ससच्या घड्याळाला हसले होते, आणि माझ्या साच्यातही एका घराचं घड्याळ होतं, माझ्या घराचं. आईचं नाव कागदपत्रांवर लिहायचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला, तो मी वर्तमानपत्रात वाचला होता, स्टाफरूममध्ये त्याची तारीफही केली होती. माझ्या तक्त्यात आईला रकानाच नव्हता.

आणि आडनावाचं तरी काय? आमच्यातल्या कितीतरी घरांत शेख आधी येतं, नाव नंतर. कितीतरी जण आडनाव लावतच नाहीत, शाळेत दाखल करताना कुणीतरी काहीतरी लिहून देतं आणि ते जन्मभर चिकटतं. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी तीन रकाने आखले.

साचा बदलला. आता पूर्ण नावाचा एकच रकाना आहे, घरी जसं लिहितात तसं लिहायचं. स्वागताला काय म्हणून हाक मारायची ते मूल स्वतः टाइप करतं. एका मुलाने 'कप्तान' टाकलंय, चालतंय. आई आणि वडील दोन्ही रकाने पुढच्या पानावर आहेत, दोन्ही मोकळे सोडता येतात.

पण साच्याची एक गोष्ट मला तेव्हा कळली. करंजी एकदा साच्यातून निघाली की साचा बदलून ती बदलत नाही. नव्या साच्याचा गुण सहाव्या शाळेला मिळेल, आधी गेलेल्या पाच शाळांमध्ये जुनाच तक्ता बसलेला आहे. अशा निघालेल्या कामांत मागाहून सुधारणा पोचवणारी साधनं आहेत, कॉपियर नावाचं एक भाच्याने दाखवलं. पण त्यासाठी सुरुवातीपासून तशी मांडणी हवी होती, ती मी केली नव्हती. म्हणून फोन घेऊन बसले. मॉडेलची फाईल उघडा, वडिलांच्या नावाची ओळ शोधा, शेवटच्या कंसाच्या आत हे शब्द लिहा, नाही सर, कंसाच्या बाहेर नाही, आत. स्वागताच्या ओळीतून एवढं काढून टाका. चार शाळांत झालं. सगळ्यात आधी त्या मुलीच्या शाळेत केलं, सरांनी रेघ काढली आणि मला पडद्याचा फोटो पाठवला.

पाचव्या शाळेतल्या बाईंची बदली झाली आहे आणि नव्या बाई म्हणतात, आम्ही त्या संगणकाला हात लावत नाही, काही बिघडलं तर कोण भरून देणार. खरं आहे त्यांचं. शनिवारी आमची सकाळची शाळा असते. सुटली की साडेअकराची एसटी धरून तिकडे जाणार आहे. कुठल्या दोन ओळी बदलायच्या तो कागद पर्समध्ये घालून ठेवलाय.